आंब्याचा मिल्क टी घरी कसा करावा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फळाचा मिल्क टी घरी करू पाहणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक एकच असते. ते नेहमीच्या पद्धतीने पातेल्यात दुधाचा चहा उकळतात आणि त्यात फळाचा गर घालतात. मिनिटाभरात चहा फाटतो, पांढऱ्या कणांचा चोथा एकीकडे आणि तपकिरी पाणी दुसरीकडे होते, आणि करणाऱ्याची समजूत होते की दूध खराब होते किंवा फळ चांगले नव्हते. माझ्याही बाबतीत पहिल्या वेळी हेच झाले होते, आणि दूध त्याच सकाळी आलेले होते. दोष दुधात किंवा फळात नव्हता, तो उकळण्यात होता. हे पेय थंडच जुळवावे लागते, आणि चहा, फळ व दूध यांची तयारी वेगवेगळी करून ते शेवटच्या क्षणी एकत्र आणावे लागतात. एवढे ध्यानात ठेवले तर पुढची सर्व कृती नवशिक्यालाही सहज जमण्यासारखी आहे.

या पेयाचे, म्हणजे 'बबल टी'चे, घर तैवान आहे. तिथे १९८० च्या दशकात थंड चहा बर्फाबरोबर झाकणाच्या भांड्यात जोराने हलवून फेसाळ करून देण्याची पद्धत रुळली, आणि त्याच दशकात त्या चहात टॅपिओकाचे (कसाव्हा कंदाच्या सत्त्वाचे) शिजवलेले मोती पडले. मोती पहिल्यांदा कोणी घातले, यावरून ताइचुंग शहरातील चुन श्वेइ थांग आणि ताइनान शहरातील हानलिन या दोन चहागृहांमध्ये दीर्घकाळ वाद चालला. तो न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१९ मध्ये असा निर्णय आला की या पेयाचे पेटंट कोणाकडेही नाही व ते कोणीही करू शकते, त्यामुळे जनक कोण हे ठरवण्याचे कारण उरत नाही. फळांचे प्रकार त्यानंतर वाढत गेले. ताइनानजवळचा युजिंग हा भाग आंब्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथला लाल सालीचा, मूळचा फ्लोरिडातील 'आयर्विन' जातीचा आंबा तैवानमध्ये बर्फाच्या खिसावर आणि दुधाच्या पेयांत भरपूर वापरला जातो. आपल्याकडे आंब्याची ददात नाही, म्हणून या लेखात मुख्य कृती आंब्याची दिली आहे. इतर फळांविषयी पुढे सांगितले आहे.

दूध का फाटते

पनीर करताना आपण दूध आधी तापवतो आणि मग त्यात लिंबाचा रस घालतो. तोच रस थंड दुधात तेवढ्याच प्रमाणात घातला, तर दूध इतक्या चटकन आणि इतक्या स्वच्छपणे फाटत नाही. ताज्या दुधाचा सामू (pH, हा आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ६.६ ते ६.७ असतो. आम्ल मिसळल्यावर तो खाली येऊ लागतो आणि ४.६ च्या आसपास पोहोचला की दुधातील केसीन हे मुख्य प्रथिन विद्राव्य राहत नाही, त्याच्या गुठळ्या होतात. दूध गरम असेल तर हीच गोष्ट बऱ्याच कमी आम्लावरही घडते. गुळाचा चहा करणाऱ्या घरांत हा अनुभव नवा नाही. गूळ घातलेल्या उकळत्या चहात दूध ओतले की तो कधी कधी फाटतो, म्हणून जाणत्या गृहिणी भांडे उतरवून, चहा किंचित निवल्यावर दूध घालतात. फळाच्या बाबतीत किंचित निवून भागत नाही, चहा पूर्ण थंड हवा.

आयुर्वेदात दूध आणि आंबट फळे यांचा मेळ विरुद्ध आहारात गणला आहे, आणि घरातील वडीलधारी मंडळी त्यामुळे हे पेय नको म्हणू शकतात. ज्यांना तो नियम पाळायचा असेल त्यांनी पूर्ण पिकलेला गोड आंबा, चिकू किंवा सीताफळ घ्यावे आणि आंबट फळे दुधाशिवायच्या थंड चहात वापरावीत. चवीच्या दृष्टीनेही हा सल्ला योग्यच आहे.

कोणतेही नवे फळ वापरण्यापूर्वी एक छोटी परीक्षा घ्यावी. वाटीत एक चमचा थंड दूध आणि एक चमचा थंड गर मिसळून दहा मिनिटे बाजूला ठेवावे, आणि मग वाटी तिरकी करून काठावर कण चिकटतात का ते पाहावे. दूध दाटसर पण एकजीव राहिले तर फळ चालेल. बारीक कण दिसले तर त्या फळाचे प्रमाण अर्धे करून पुन्हा पाहावे, आणि तरीही कण दिसले तर त्या दिवशी त्या फळाचा दुधाशी संबंध जोडू नये.

साहित्य, दोन मोठ्या ग्लासांसाठी

चहापत्ती १० ग्रॅम, म्हणजे साधारण चार सपाट चहाचे चमचे. पाणी ३०० मिली. थंड दूध २०० मिली. आंब्याचा गर १५० ग्रॅम, जो एका मध्यम हापूसमधून सहज निघतो. साखर ३० ग्रॅम, पण ती फळ चाखून कमी-जास्त करावी. चिमूटभर मीठ. बर्फाचे बारा ते चौदा खडे. शिजवलेले टॅपिओकाचे मोती सहा मोठे चमचे. वजनकाटा असेल तर तो पहिल्या काही वेळा जरूर वापरावा, कारण चमच्याने मोजलेली पत्ती दाणेदारपणानुसार बरीच बदलते आणि या पेयात चहा फिका पडला तर उरते ते केवळ आंब्याचे दूध.

वेगळ्या उपकरणांची आवश्यकता नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा काचेची बरणी हलवण्यासाठी पुरते. मोती ओढता येतील अशी साधारण १२ मिलिमीटर रुंदीची नळी लागते. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या नळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे स्टीलची किंवा बांबूची जाड नळी घ्यावी, आणि ती न मिळाल्यास लांब दांड्याचा चमचा द्यावा. चमच्याने खाल्लेले मोती तितकेच चांगले लागतात.

पहिले काम: चहा

मिल्क टीचा चहा उकळायचा नसतो, मुरवायचा असतो. पाणी उकळून गॅस बंद करावा, अर्धा मिनिट थांबावे, पत्ती घालावी, झाकण ठेवावे आणि चार ते पाच मिनिटांनी गाळावे. गाळणीत राहिलेली पत्ती चमच्याने दाबून पिळण्याचा मोह टाळावा, कारण त्या शेवटच्या थेंबांबरोबर कडूपणा उतरतो. पत्ती पाणी शोषून घेते, त्यामुळे ३०० मिली पाण्यातून सुमारे २६० ते २७० मिली चहा हाती येतो. तो चाखला तर नुसता पिववणार नाही इतका तुरट लागला पाहिजे. दुधातील प्रथिने चहातील तुरट द्रव्यांना बांधून घेतात आणि वर बर्फाचे पाणी मिसळते, त्यामुळे आधी कडक वाटलेला चहा ग्लासात येईपर्यंत अगदी बेताचा होतो.

साखर याच वेळी, चहा गरम असताना विरघळवून घ्यावी. थंड पेयात वरून घातलेली साखर तळाशी खडखडत राहते. आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात राहत नाही. थंडपणामुळे जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून गरम असताना योग्य वाटलेला चहा थंड झाल्यावर किंचित अगोड लागेल. गरम चहा चाखून तो 'थोडा जास्तच गोड' वाटेल इथपर्यंत साखर घालावी, मात्र आंब्याची आणि मोत्यांच्या पाकाची गोडी पुढे येणार आहे हेही हिशेबात धरावे.

पत्ती कोणती घ्यावी, हा प्रश्न हमखास विचारला जातो. आपल्या स्वयंपाकघरातील आसामची दाणेदार सीटीसी पत्ती या कामाला उत्तम आहे, आणि ती वापरणे ही तडजोड नाही. जपानी राजवटीत १९२० च्या दशकात आसामी जातीची चहाची झाडे तैवानमध्ये नेली गेली आणि सूर्य-चंद्र सरोवराच्या परिसरात लावली गेली. तिथला आसामी काळा चहा आजही नावाजलेला आहे. म्हणजे ज्या दमदार, दुधाला पुरून उरणाऱ्या चहावर हे पेय उभे आहे, त्याच्या जातकुळीचा चहा आपल्या डब्यात आधीपासूनच असतो. दार्जिलिंगचा नाजूक सुवास मात्र आंबा आणि दूध यांच्याखाली हरवून जातो, तेव्हा तो इथे खर्ची घालू नये. आले, वेलची, गवती चहाही घालू नयेत. वेलची आंब्याबरोबर छान लागते हे खरे, पण ती घातली की जीभ हे पेय आमरस म्हणूनच ओळखते आणि चहा मागे पडतो.

चहा गाळल्यावर भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून तो आधी कोमट आणि मग फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण थंड करावा. फ्रिजमध्ये ठेवलेला कडक चहा कधी कधी गढूळ दिसतो. त्यातील कॅफीन आणि तुरट द्रव्ये थंडीत एकमेकांना धरून बसतात म्हणून असे होते. चहा बिघडलेला नसतो, आणि दूध घातल्यावर तो गढूळपणा दिसतही नाही.

दुसरे काम: आंबा आणि दूध

आंबा पूर्ण पिकलेला हवा. देठाजवळ सुरकुत्या आलेला, हाताला मऊ लागणारा हापूस यासाठी सर्वांत चांगला, कारण पिकताना आम्ल कमी होत जाते, आणि त्याचा गर घट्ट व बिनरेषांचा असल्यामुळे ग्लासाच्या तळाशी बसून राहतो. केशरही चालतो. पायरीची चव मला व्यक्तिशः फार प्रिय आहे, पण तिचा रस पातळ असतो आणि त्यात आंबटपणाची छटा असते, म्हणून पहिल्या वेळी ती घेऊ नये. गर मिक्सरमधून फिरवताना त्यात पाणी किंवा दूध घालू नये. फिरवलेला गर चाळणीतून गाळून, चिमूटभर मीठ घालून फ्रिजमध्ये ठेवावा. मीठ खारटपणासाठी नाही, त्याने आंब्याची चव उठून येते.

हंगाम नसताना डबाबंद गर वापरण्यात काहीच कमीपणा नाही. त्यात बहुधा साखर असते, ती वेष्टनावर पाहून चहातील साखर निम्मी करावी. आंब्याच्या वासाचे इसेन्स आणि पिवळा रंग घालून केलेली पावडर मात्र घेऊ नये. बाहेर मिळणाऱ्या अनेक फळांच्या मिल्क टीमध्ये फळ नसते, फळाच्या वासाची पावडर आणि दुधाऐवजी क्रीमर असते. ती सोय दुकानाची आहे. घरी एवढी मेहनत घेऊन तेच करायचे असेल तर घरी करण्याचा हेतूच राहत नाही.

दुधाविषयी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, दूध ताजे असावे. कालचे, दोनदा तापवलेले दूध आधीच किंचित आम्लाकडे झुकलेले असते आणि फळाचा थोडासा धक्काही त्याला पुरतो. दुसरी, त्यावर साय असू नये. आपण दूध तापवतो, निववतो आणि त्यावर साय धरते. तिचे तुकडे थंड पेयात नळीत अडकतात आणि बघणाऱ्याला दूध फाटल्यासारखे दिसते. म्हणून दूध तापवून, पूर्ण थंड करून, बारीक गाळणीने गाळून घ्यावे. सहा टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम दूध घेतले तर पेय दाट आणि मऊ लागते. तीन टक्क्यांच्या टोन्ड दुधाने ते हलके होते, आणि त्यात एक मोठा चमचा कंडेन्स्ड मिल्क घातल्यास ती उणीव भरून निघते. अर्थात मग साखर कमी करावी.

तिसरे काम: मोती

मोत्यांशिवायही आंब्याचा मिल्क टी करता येतो आणि घाईच्या दिवशी तसाच करावा. तरीही ज्याला हे पेय पूर्ण रूपात करून पाहायचे आहे त्याने एकदा तरी मोती घरी करावेत. यात सर्वांत जास्त वेळ जातो आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

मोती टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्हा या कंदाच्या पिठूळ सत्त्वापासून होतात. आपला साबुदाणाही त्याच कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूतील सेलम भागात तयार होतो, त्यामुळे ही वस्तू आपल्याला परकी नाही. पण या नात्यामुळेच एक मोठी चूक घडते. विकतचे कोरडे मोती आणले की हात आपोआप साबुदाण्यासारखे ते भिजत घालतो. तसे करू नये. साबुदाणा तयार होताना भाजला जातो आणि त्याचे कवच थोडे शिजलेले असते, म्हणून तो भिजूनही आकार धरतो. कच्च्या पिठाचे मोती थंड पाण्यात विरघळून त्यांची खळ होते. ते थेट उकळत्या पाण्यातच सोडायचे असतात. धुवायचेही नसतात.

घरी मोती करण्यासाठी १०० ग्रॅम टॅपिओका स्टार्च, ४० ग्रॅम गूळ आणि ६० मिली पाणी घ्यावे. यातून वर सांगितलेल्या गरजेपेक्षा जास्त मोती होतात, पण याहून कमी पीठ मळणे अवघड जाते. साबुदाणा घरी दळून केलेले पीठ इथे चालत नाही, ते पाणी वेगळ्या प्रकारे पिते आणि गोळा तुटतो. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण त्यात कचरा असतो, आणि ते पाणी खळखळून उकळावे. गॅस मंद करून त्यात एक तृतीयांश पीठ घालावे आणि भराभर घोटावे. काही सेकंदांत ते चकचकीत, चिकट लगद्यासारखे होईल. मग भांडे उतरवून उरलेले पीठ त्यात मिसळावे, आणि हाताला सोसवेल इतके निवले की ओट्यावर काढून पाच-सात मिनिटे मळावे.

हे असे दोन टप्प्यांत का, हे उकडीचे मोदक करणाऱ्याला लगेच उमगेल. तांदळाच्या पिठात थंड पाणी घातले तर पारी वळत नाही, तिला उकड काढावीच लागते, कारण उकळत्या पाण्याने पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच बाकीच्या पिठाला बांधून ठेवतो. इथेही तेच आहे. पाणी पुरेसे उकळलेले नसेल तर पीठ हातातून ओघळते, दाबले की घट्ट आणि सोडले की पातळ असे विचित्र वागते, आणि कितीही मळले तरी सुधारत नाही. तसे झाले तर त्यातील दोन चमचे मिश्रण पुन्हा भांड्यात घेऊन मंद आचेवर चिकट होईपर्यंत घोटावे आणि बाकीच्यात मिसळून मळावे. गोळा कोरडा पडून भेगा जाऊ लागल्या तर चमचाभर गरम पाणी लावावे.

मळलेल्या गोळ्याच्या बारीक वळ्या करून सुरीने तुकडे कापावेत आणि तळहातांवर फिरवून गोळ्या कराव्यात. त्या सात ते आठ मिलिमीटरच्या, म्हणजे मटारच्या लहान दाण्याएवढ्या असाव्यात. शिजल्यावर त्या फुगतात, आणि मोठ्या केल्या तर नळीतून येत नाहीत. उरलेले पीठ ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावे आणि तयार गोळ्यांवर कोरडे पीठ भुरभुरावे. घरात मुले असतील तर त्यांना या कामाला बसवावे. गोळ्या एकसारख्या होणार नाहीत, पण काम लवकर संपते आणि मुलांना स्वतः वळलेला मोती ग्लासात शोधायला आवडते.

शिजवताना १०० ग्रॅम मोत्यांना किमान एक लिटर पाणी घ्यावे. पाणी खळाळत असतानाच मोती सोडावेत, ते तळाला चिकटू नयेत म्हणून हलक्या हाताने एक-दोनदा ढवळावे, आणि वर तरंगू लागले की आच मध्यम करून २० मिनिटे शिजवावे. मग गॅस बंद करून, झाकण ठेवून आणखी २० मिनिटे तसेच राहू द्यावे. ही दुसरी २० मिनिटे घाईघाईत गाळली जातात, आणि नेमक्या त्याच वेळी मोत्याचा गाभा शिजतो. एक मोती कापून पाहावा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटे द्यावीत. शिजलेले मोती निथळून थंड पाण्याखाली धरले की बाहेरचा बुळबुळीतपणा जातो आणि चावताना रबरासारखी नव्हे, तर लवचीक, उसळती ओढ जाणवते. तैवानमध्ये या ओढीला 'क्यूक्यू' असा खास शब्द आहे आणि पदार्थाची ती मोठी प्रशंसा समजली जाते.

५० ग्रॅम गूळ आणि ५० मिली पाणी तीन-चार मिनिटे उकळून केलेल्या पाकात हे मोती १५ मिनिटे ठेवावेत. पाक नसेल तर मोती एकमेकांना चिकटून त्यांचा एक गठ्ठा होतो, आणि आतून ते बेचव राहतात.

मोती त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत संपवावेत आणि फ्रिजमध्ये ठेवू नयेत. शिळा भात फ्रिजमध्ये जसा कडक आणि मोकळा होतो तसेच मोत्यांचे होते, शिजलेला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट बसू लागतो. उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवल्यास ते थोडे मऊ होतात, पण पहिली गंमत परत येत नाही.

एवढा वेळ नसेल तर मोठा साबुदाणा वापरावा. तो न भिजवता भरपूर उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटे शिजवावा, मध्ये पांढरा बिंदू राहिलेला असतानाच गॅस बंद करून दहा मिनिटे झाकावा, आणि थंड पाण्यात घालून निथळून पाकात टाकावा. त्याला मोत्यांची ओढ नसते, तो मऊ आणि पारदर्शक होतो, परंतु आंब्याबरोबर अतिशय चांगला लागतो.

जुळवणी

आता चहा, गर, दूध हे सर्व थंड आहे आणि मोती कोमट आहेत. प्रत्येक ग्लासात तीन मोठे चमचे मोती थोड्या पाकासह घालावेत. त्यावर आंब्याचा अर्धा गर चमच्याने काठाला लावत सोडावा, म्हणजे काचेवर पिवळे पट्टे उमटतात. मोत्यांची ऊब गराला लागू नये म्हणून लगेच त्यावर बर्फाचे तीन-चार खडे टाकावेत.

उरलेला बर्फ, थंड चहा आणि दूध डब्यात घालून झाकण घट्ट लावावे आणि २० सेकंद जोराने हलवावे. बाहेरून डबा दवाने ओला झाला की पुरे. या हलवण्याने वर जो बारीक फेस येतो त्यावरूनच पेयाला 'बबल टी' हे नाव पडले, असे मानले जाते, आणि पुष्कळांना वाटते तसा तो शब्द मुळात मोत्यांसाठी नव्हता. चहा गरम किंवा कोमट असताना बंद डबा कधीही हलवू नये. आतल्या वाफेच्या दाबाने झाकण उडते आणि हात भाजतो.

हलवलेले मिश्रण बर्फावर सावकाश ओतावे. गर घट्ट असल्यामुळे तो खाली राहतो आणि वर दूध-चहाचा फिकट तपकिरी थर येतो. दिसायला हे सुंदर असतेच, पण थर राखण्याचे खरे कारण वेगळे आहे: गर आणि दूध यांची पूर्ण भेट पिणाऱ्याच्या हातून, पिताना होते, आणि तोवर फाटण्याला अवसर मिळत नाही. ढवळून लगेच प्यावे. पुण्याची मँगो मस्तानी जशी टेबलावर आल्याबरोबर संपवायची असते, तसेच हेही आहे.

इतर फळे

चिकू नवशिक्यासाठी आंब्याइतकाच निर्धोक आहे आणि हंगामाची चिंता कमी असते. डहाणू-घोलवडचा पूर्ण पिकलेला चिकू सोलून, बिया काढून तसाच फिरवावा. कच्चट चिकू मात्र चहाच्या तुरटपणात भर घालतो. सीताफळाचा गर बिया काढून, न फिरवता, रवाळच ठेवावा. फणसाच्या बरक्या गऱ्यांचा गाळलेला रस सुवासाने चहावर मात करतो, म्हणून त्याचे प्रमाण आंब्याच्या निम्मे असावे.

स्ट्रॉबेरी सर्वांना हवी असते आणि ती जास्त काळजी मागते, कारण ती आंब्यापेक्षा बरीच आंबट आहे. महाबळेश्वरची पूर्ण लाल झालेली २०० ग्रॅम फळे बारीक चिरून ६० ग्रॅम साखरेबरोबर मंद आचेवर आठ-दहा मिनिटे आटवावीत आणि पूर्ण थंड करावीत. आटवल्याने आम्ल नाहीसे होत नाही, पण पाक दाट होऊन तळाशी बसतो आणि दुधात हळूहळू मिसळतो. ग्लासाला दोन मोठे चमचे पुरतात, आणि इथे फुल क्रीम दूधच घ्यावे.

पपई, अननस आणि किवी यांची अडचण आम्लाची कमी आणि पाचकरसांची जास्त आहे. ही फळे न शिजवता वापरली तर त्यांतील विकरे (एन्झाइम) दुधातील प्रथिने तोडतात आणि पेय थोड्याच वेळात कडू होते. तैवानमध्ये पपईचे दूध घरोघरी आणि रात्रबाजारांत लोकप्रिय आहे, पण ते समोर फिरवून लगेच प्यायले जाते. अननस साखरेबरोबर चांगला उकळून घेतला तर विकरे निकामी होतात, आम्ल मात्र राहते, त्यामुळे वर सांगितलेली वाटीतली परीक्षा त्याला लावावीच. संत्रे, मोसंबी, लिंबू, पॅशनफ्रूट ही फळे दुधाबरोबर मुळीच घेऊ नयेत. त्यांचा थंड, बिनदुधाचा चहा उत्कृष्ट होतो.

लहान मुलांना आणि पाहुण्यांना देताना

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे मोती देऊ नयेत. ते गुळगुळीत, चिवट आणि नळीतून वेगाने घशाकडे येणारे असतात, आणि घशात अडकण्याचा धोका खरा आहे. त्यांच्या ग्लासात मोत्यांऐवजी आंब्याच्या बारीक फोडी घालाव्यात, आणि चहाऐवजी नुसते दूध. मोठ्यांनाही नळी जोराने ओढू नका असे पहिल्या वेळी आवर्जून सांगावे. दहा ग्रॅम पत्तीचा चहा दोन ग्लासांत जातो, म्हणजे कॅफीन नेहमीच्या कपापेक्षा जास्त असते. संध्याकाळनंतर करायचा असेल तर पत्ती सहा ग्रॅमवर आणावी आणि पाणी त्याच प्रमाणात कमी करावे.

पाहुणे येणार असतील तर चहा आदल्या रात्री गाळून बंद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवता येतो, आणि आंब्याचा गरही. कच्चे मोती कोरड्या पिठात घोळवून फ्रीजरमध्ये काही आठवडे टिकतात, आणि ते बाहेर काढून मऊ होऊ न देता गोठलेलेच उकळत्या पाण्यात सोडायचे असतात. पाहुणे येण्याच्या तासभर आधी मोती शिजायला टाकले, की ते पाकात मुरेपर्यंत गप्पा रंगलेल्या असतात. दूध तेवढे त्याच दिवशी सकाळी तापवून, गाळून ठेवावे, आणि हलवणे मात्र एका वेळी दोनच ग्लासांचे करावे, कारण डबा अर्ध्याहून अधिक भरला तर फेस येत नाही.